दवाखान्यांतून घरीं येतांना

गुलटेकडीच्या मार्केट यार्डांत माल घेऊन जाणाऱ्या आमच्या वाचकांना बिबवेवाडी नवी नाहीं. बोपदेव घाट उतरून कोंढव्यावरून येणाऱ्या पुरंदरच्या गाड्या तिच्याच अंगानें बाजारांत शिरतात. एके काळीं ही पुण्याच्या दक्षिणेची शेतांमधली वाडी होती. आज तेथें घरांची दाटी झाली आहे, कामगार विमा योजनेचें रुग्णालय आहे, आणि नोकरीधंद्यासाठीं शहरांत गेलेले शेतकऱ्यांचे अनेक मुलगे तेथें बिऱ्हाड करून राहिले आहेत. गांवाचें नांव कशावरून पडलें या वादांत आम्ही शिरत नाहीं. पण तें कानांवर पडलें कीं बिबवा आठवल्याशिवाय राहत नाहीं. आमच्या आज्या बिबवा वापरीत, तेव्हां तो सुईला कसा टोचावा, तेल किती निघूं द्यावें, कोणाच्या अंगावर तो उततो, हें नातीच्या हातांत सुई देऊन शिकवीत. 'बिबवा घाल' एवढें सांगून कोणी मोकळी होत नसे. कारण चुकलें तर अंगावर फोड उठत. बिबव्याची महती गाण्याचा आमचा हेतु नव्हे. त्यानें पुष्कळांची कातडी जाळली आहे व आतां तो वापरूं नये हेंच बरें. शिकविण्याची ती रीत मात्र स्मरणांत राहिली आहे, आणि ती पुन्हां आठवण्यास जो प्रसंग कारण झाला तो बिबवेवाडींतलाच आहे.

पुरंदर तालुक्यांतील एक अंजीर बागाईतदार आमच्या परिचयाचे आहेत. वय साठीच्या आंत. मधुमेह होऊन बारा वर्षें झालीं. हंगामांत पहांटे बाजार, दिवसा तोडणी आणि वीज येईल त्या वेळीं, बहुधा रात्रीं, पाणी देणें असा त्यांचा क्रम. एकदां चपलेंतून वर आलेला खिळा त्यांच्या उजव्या पायांत रुतला व तो दिवसभर त्यांना कळलाच नाहीं. मधुमेहाला बरींच वर्षें झालीं कीं पुष्कळांच्या पायांतील मज्जातंतु मंद होतात. खडा, कांटा, निखारा, कांहींच जाणवत नाहीं. शिवाय पायाकडे रक्त कमी पोंचतें व रक्तांत साखर अधिक असते, त्यामुळें झालेली जखम भरून येत नाहीं. बागाईतदारांची जखम चिघळली आणि एका रुग्णालयांत पायाचें एक बोट काढावें लागलें. रुग्णालयाचें नांव येथें अप्रस्तुत आहे; असें कोठेंहि घडूं शकतें. घरीं सोडतांना त्यांच्या हातीं इंग्रजींत लिहिलेला एक कागद, गोळ्यांची पिशवी आणि दोन वाक्यें पडलीं. 'गोड खाऊं नका. पाय जपा.'

बागाईतदारांनीं दोन्ही वाक्यें निष्ठेनें पाळलीं. चहांतील साखर बंद झाली. पण पाय जपावयाचा म्हणजे काय करावयाचें? आपल्या घरांत दुखरें अंग जपणें म्हणजे शेकणें. रोज रात्रीं घमेल्यांत कढत पाणी, त्यांत मूठभर मीठ, आणि दोन्ही पाय त्यांत, असा नेम सुरू झाला. पाणी किती कढत असावें हें ठरविणार पाय, आणि पायाला तर कांहींच कळत नव्हतें. तीन आठवड्यांच्या आंत डावें पाऊल, जें तोंवर धडधाकट होतें, भाजून त्यावर फोड आले, आणि गृहस्थ पुन्हां खाटेवर पडले. उपदेश धुडकावून लावणाऱ्याचें नुकसान होतें हें आपण नेहमीं ऐकतों. येथें तो मनोभावें पाळणाऱ्याचें नुकसान झालें.

या दुसऱ्या खेपेस ते रोजच्या मलमपट्टीसाठीं बिबवेवाडींत मुलाच्या घरीं राहिले होते. शेजारच्या इमारतींत राहणाऱ्या एक परिचारिका कामावरून परततांना येऊन पट्टी बदलीत. त्या येण्याच्या वेळीं एकदां आम्ही समाचारास गेलों होतों. आमची अपेक्षा अशी कीं आतां बाई चार खडे बोल सुनावतील व दहा नियम सांगतील. त्यांनीं तसें कांहींच केलें नाहीं. त्या समोर बसल्या आणि म्हणाल्या, "काका, पाय जपतां म्हणजे रोज काय करतां, तें मला एकदां करून दाखवा." बागाईतदारांनीं सुनेकडून घमेलें मागविलें, पाणी, मीठ, सर्व नक्कल केली. बाईंनीं शेवटपर्यंत पाहिलें व मग एवढेंच विचारलें कीं पाणी किती गरम आहे हें कोण पाहतें. "मीच, पाय घालून." असें म्हणतांच त्यांचें त्यांनाच उमगलें, व घरांत क्षणभर कोणी बोललें नाहीं.

पुढचा सगळा पाठ असाच झाला. बाईंनीं काकूंना जवळ बोलाविलें. कारण घरीं गेल्यावर पाणी त्याच देणार होत्या. पाय भिजत ठेवावयाचा नाहीं, धुवावयाचा तर कोमट पाण्यानें, आणि पाणी कोमट आहे कीं नाहीं हें काकूंनीं कोपर घालून पाहावयाचें. लहान मुलाच्या न्हाणाचें पाणी पाहतात तसें. धुतल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या करावयाच्या. तळवा आपला आपल्याला दिसत नाहीं, म्हणून जमिनीवर आरसा ठेवून त्यांत पाहावयाचें. चप्पल घालण्यापूर्वीं ती उलटी करून आपटावयाची व आंतून हात फिरवावयाचा. यावर बागाईतदार म्हणाले कीं विंचवाच्या भीतीनें पावसाळ्यांत तें आम्ही करतोंच. "मग तेंच बारा महिने करा," असें म्हणून बाईंनीं तो विषय तेथेंच संपविला. अनवाणी चालणें घरांतसुद्धां बंद, हें मात्र त्यांना पटेना. माजघरांत चप्पल कशी घालावी? शेवटीं घरांत वापरण्यासाठीं मऊ रबराचा एक निराळा जोड आणावा असें ठरलें.

मग बाईंनीं विचारलें, घरीं बैल आहेत काय? एक जोडी अजून आहे. त्यांचे खूर केव्हां पाहतां? "रोज संध्याकाळीं, दावणीला बांधतांना. पत्री निघाली असली, खडा बसला असला तर तेव्हांच कळतें." तर त्याच वेळीं, बैलांचें झालें कीं आपल्या पायांचें पाहावयाचें, असें ठरलें. बागाईतदार मोठ्यानें हंसले.

उठण्यापूर्वीं बाईंनीं जें केलें तें आम्हांस सर्वांत महत्त्वाचें वाटतें. त्या म्हणाल्या, "मी नीट सांगितलें कीं नाहीं तें मला पाहायचें आहे. गांवीं गेल्यावर थोरल्या भावाला हें तुम्ही कसें समजावून सांगाल, तसें मला सांगा." परीक्षा रोग्याची नव्हे, शिकविणाऱ्याची, असा त्या बोलण्याचा रोख होता, म्हणून बागाईतदारांना संकोच वाटला नाहीं. त्यांनीं बहुतेक सर्व बरोबर सांगितलें. एक गोष्ट राहिली : पायाला कुरूप झालें तर तें पात्यानें कापावयाचें नाहीं. ती बाईंनीं पुन्हां सांगितली, पुन्हां म्हणवून घेतली, आणि मग त्या गेल्या. या सर्वाला पंचवीस मिनिटें लागलीं, आणि आमच्यापुढचा चहा निवून गेला.

आतां वाचकांनीं आपल्याच धंद्याकडे पाहावें. कृषि-सहायकानें चावडीवर उभें राहून बियाण्याला औषध चोळण्याचे फायदे सांगितले तर माना सगळे डोलावतात, परंतु चोळणारे थोडे. तेंच शेजाऱ्याच्या बांधावर, आपल्या हातानें, आपल्याच बियाण्यावर करून पाहिलें कीं तें अंगवळणी पडतें. शरीराच्या बाबतींत वेगळें कां असावें? दवाखान्यांत तर माणूस भ्यालेला असतो, वेदनेनें थकलेला असतो, आणि त्याचें लक्ष घरीं केव्हां सोडतील इकडे लागलेलें असतें. वैद्यकीय शास्त्रज्ञांच्या पाहणींत असें आढळलें आहे कीं रोग्याला सांगितलेल्यापैकीं शेंकडा ४० ते ८० भाग तो तत्काळ विसरतो, आणि जें आठवतें त्यांतलेंहि सुमारें निम्में चुकीचें आठवतें. म्हणून सांगून झालें कीं उलट विचारून घ्यावें, जमेल तें करून दाखवावयास लावावें, ही पद्धति परिचारिकांच्या शिक्षणांत आज मान्य झालेली आहे. सलाईन लावणें, सुई टोंचणें हें जसें परिचारिकेचें काम, तसेंच रोग्याला व त्याच्या घरच्यांना शिकविणें हेंहि तिचेंच काम मानलें जातें. मात्र आपल्याकडे तिला त्यासाठीं वेळ दिला जात नाहीं. त्याविषयीं पुढें बोलूं.

न शिकवितां आरोग्य लादलें म्हणजे काय होतें हें पुण्यानें एकदां फार मोठी किंमत देऊन पाहिलें आहे. १८९७ च्या प्लेगांत रोगी शोधण्यासाठीं गोरे सोल्जर घरांत शिरले, संशयितांना उचलून छावण्यांत नेलें. रोग पसरूं नये हा हेतु असेल; पण घरांतल्या माणसाला कोणी कांहीं समजावून सांगितलें नाहीं, म्हणून लोक आजारी माणसें लपवूं लागले, आणि लपविलेल्या घरांतून रोग अधिक पसरला. त्या वर्षीं २२ जूनला प्लेग कमिटीचे अध्यक्ष रँड यांच्यावर गोळी झाडली गेली, हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. त्याच प्लेगांत सावित्रीबाई फुले आपले पुत्र डॉ. यशवंत यांच्यासह रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या आणि तींत स्वतः रोग जडून १० मार्च १८९७ रोजीं निवर्तल्या. एकीकडे हुकूम आणि दुसरीकडे पाठीवर हात, हीं दोन्ही त्याच शहरांत, त्याच महिन्यांत चाललीं होतीं.

परिचारिकांच्या विद्येची आद्य प्रणेती म्हणून जिचें नांव घेतात ती फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिंदुस्थानांत कधींच आली नाहीं. परंतु आपल्या खेड्यांच्या स्वच्छतेविषयीं ती वर्षानुवर्षें लिहीत होती आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेशीं तिचा पत्रव्यवहार होता. १८९२ सालीं इंग्लंडांतील बकिंगहॅमशायर परगण्यांत, खेड्यांतल्या बायकांच्या घरोघर जाऊन आरोग्य शिकविणाऱ्या स्त्रिया तयार करण्याच्या कामास तिनें चालना दिली. सभागृहांतील व्याख्यानानें स्वयंपाकघरांतील संवय बदलत नाहीं, हें तिनें तेव्हांच ओळखलें होतें. आपल्या इकडे १९०९ सालीं रमाबाई रानडे यांच्या पुढाकारानें पुण्याचें सेवासदन निघालें, आणि संस्थेनें मुलींना व विधवांना ससून रुग्णालयांत परिचारिकेच्या शिक्षणास पाठविण्याचें धाडस केलें. परक्या माणसाचें अंग पुसणें हें हलकें काम, अशी त्या काळच्या पांढरपेशा घरांची समजूत होती. ती पुरती गेली असें आजहि कोणी छातीठोकपणें म्हणूं नये. 'सिस्टर' म्हणून हांक मारतों, आणि तिनें कांहीं सांगावयास आरंभ केला कीं 'डॉक्टर केव्हां येणार?' असें विचारतों, हा आपलाच शिरस्ता आहे.

शिकवणीचें बळ किती असूं शकतें याचा एक दाखला गूळ पिकविणाऱ्या वाचकांना विशेष आवडेल. जुलाबांनीं मूल मरतें तें अंगांतील पाणी व क्षार गेल्यामुळें. १९७१ सालीं बांगला देशांतील निर्वासितांच्या बनगांव येथील छावणींत पटकीनें माणसें मरत होतीं व शिरेंतून देण्याचें सलाईन संपत आलें होतें. तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं साखर, मीठ वगैरे मिसळलेलें पाणी पिंपांत भरून ठेवलें आणि तें पाजण्याचें काम रोग्यांच्या नातेवाइकांवर सोंपविलें. आधीं शेंकडा ३० च्या आसपास रोगी दगावत. तें प्रमाण चारांच्या खालीं आलें. पुढें १९८० पासून दहा वर्षें बांगला देशांतील 'ब्रॅक' या संस्थेच्या शिक्षिका घरोघर हिंडल्या आणि एक कोटीहून अधिक घरांतील आयांना त्यांनीं हेंच पाणी करावयास शिकविलें. पाकिटाचें नव्हे, तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी. शिक्षिकेनें करून दाखवावयाचें नाहीं. आईनें करावयाचें व शिक्षिकेनें पाहावयाचें. यापेक्षां नामी गोष्ट म्हणजे शिक्षिकेच्या पगाराची. कांहीं दिवसांनीं निराळा तपासनीस निवडक घरीं जाऊन आयांना काय आठवतें तें पाही, आणि त्यावर शिक्षिकेचा मेहनताना ठरे. किती घरें फिरलीं याला मोल नव्हतें. किती उरलें याला होतें. तरीहि पहिल्या तपासांत असें दिसलें कीं शिकलेल्या पुष्कळ घरांत मूल आजारी पडल्यावर हें पाणी वापरलेंच जात नाहीं. शोध केला तेव्हां कळलें कीं स्वतः शिक्षिकांचाच त्यावर पुरता विश्वास नव्हता, आणि घरच्या पुरुषांना कोणी विचारलेंच नव्हतें. मग शिक्षिकांची खात्री पटवून दिली, गांवच्या पुरुषांच्या बैठका घेतल्या, आणि काम मार्गाला लागलें.

आपल्या घरीं आज पाकीट मिळतें. तें किती पाण्याचें आहे हें आधीं वाचावें. कांहीं एक लिटरचीं असतात, कांहीं २०० मिलिलिटरचीं. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यांत सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ. मीठ अधिक झालें तर मुलाला अपाय होतो, म्हणून येथेंहि एकदां परिचारिकेसमोर करून पाहावें.

आमच्या महाराष्ट्रांतहि असे दाखले आहेत. जामखेडला १९७० सालीं डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनीं काम आरंभिलें, तेव्हां परिचारिकांनीं खेड्यांत राहून लोकांना शिकवावें असा त्यांचा मानस होता. तो जमेना. मग गांवकऱ्यांच्याच सूचनेवरून गांवांतल्याच बाया निवडल्या, बहुतेक निरक्षर, आणि त्यांना आठवड्याच्या आठवड्याला जामखेडला आणून शिकविलें. गडचिरोलींत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं ३९ गांवांतील अशाच स्त्रियांना नवजात बालकाची घरीं निगा राखण्यास तयार केलें. तेथील नवजात मुलांचे मृत्यु तुलनेच्या गांवांच्या मानानें शेंकडा ६२ नीं घटले, व तो वृत्तांत १९९९ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध झाला. आज बाळंतीण घरीं आल्यावर आशा कार्यकर्ती जी सहा वेळां येऊन बाळ पाहते, तिच्या त्या भेटींचें मूळ येथें आहे. तिला ओट्यावरून परत पाठविणारीं घरें आम्हांस माहीत आहेत, आणि तीं गरिबांचीं नाहींत.

तेव्हां दवाखान्यांतून घरीं येतांना आपण काय करावें? गाडी फाटकाशीं उभी करून मुलाला औषधें आणावयास पिटाळणें एवढेंच काम समजूं नये. स्वयंपाक करणारी व गोळी काढून देणारी जी कोणी असेल तिला त्या दिवशीं बरोबर न्यावें. कागद मराठींत सांगवून वहींत उतरून घ्यावा. आजोबांना वाचतां येत नसेल तर पुडीवर सकाळच्या गोळीला सूर्य व रात्रीच्या गोळीला चंद्र काढून मागावा. परिचारिकेनें आपण होऊन उलट विचारलें नाहीं तर आपणच म्हणावें, 'बाई, मला समजलें तें असें. बरोबर आहे काय?' रक्तदाबाची गोळी दुखत नसतांहि कां घ्यावयाची, क्षयाच्या गोळ्या दोन महिन्यांत बरें वाटलें तरी सहा महिने कां पुऱ्या करावयाच्या, हें आधींच विचारून ठेवावें. कारण हीं औषधें सोडलीं जातात तीं बहुधा बरें वाटूं लागल्यावरच. इन्शुलिन असेल तर शीतकपाट नसलेल्या घरीं तें ओल्या मडक्यांत, पाणी आंत जाणार नाहीं असें ठेवतां येतें, आणि टोंचण्याची जागा रोज थोडी बदलावी लागते. कीटकनाशकाची बाधा झालेल्यास नेतांना डबा किंवा त्यावरची चिठ्ठी बरोबर न्यावी. साप चावल्यास घट्ट बांधणें, कापणें, चोखणें यांपैकीं कांहीं करूं नये. अवयव न हलवितां ठेवून १०८ क्रमांकास कळवावें व प्रतिसर्पविष असलेलें रुग्णालय गांठावें.

परंतु सारा भार रोग्याच्या घरावर टाकून चालणार नाहीं. गर्दीच्या सरकारी वॉर्डांत एक परिचारिका किती खाटा सांभाळते हें ज्यानें पाहिलें आहे, त्याला तिनें पंचवीस मिनिटें एका रोग्यापाशीं कां दिलीं नाहींत हें विचारवणार नाहीं. तिचा दिवस टोंचणें, देणें आणि नोंदवह्या भरणें यांत जातो. शिकविल्याची नोंद करण्यास रकाना असतो, व तो भरलाहि जातो. रकाना भरणें आणि शिकविणें यांत काय अंतर आहे हें आम्ही त्या अंजीर बागाईतदारांच्या पायावर पाहिलें. ग्रामीण रुग्णालयांच्या रुग्ण कल्याण समित्यांवर आणि गांवच्या आरोग्य व पोषण समितीवर आमचे कित्येक वाचक बसतात. तेथें रंगरंगोटीच्या व पंख्यांच्या खर्चाची चर्चा होते, ती होऊं द्यावी. त्याबरोबर घरीं सोडण्याच्या वेळीं रोगी, घरचें माणूस व परिचारिका यांना बसण्यास एक कोपरा, एक बांक व अर्धा तास मिळतो काय, आणि मराठी अक्षरांतील कागद मिळतो काय, एवढें विचारावें. कोपऱ्याला पैसा लागत नाहीं. अर्ध्या तासाला मात्र लागतो, कारण त्यासाठीं आणखी एक परिचारिका नेमावी लागते. आणि तो मागण्यास आम्ही कांकूं करूं नये असें आमचें मत आहे.

आमचे ते बागाईतदार दोन महिन्यांनीं गांवीं परतले. डाव्या पायाचा फोड भरून आला आहे, उजव्या पायाचें बोट अर्थातच गेलें तें गेलें. गेल्या हंगामांत आम्ही त्यांच्या मळ्यावर गेलों तेव्हां आरसा गोठ्याच्या खांबाला टांगलेला होता. हा दुसरा, पहिला म्हशीनें शेपटीच्या फटकाऱ्यानें पाडून फोडला. दिवेलागणीला त्यांनीं आधीं दोन्ही बैलांचे खूर पाहिले, मग बाजेवर बसून आरसा जमिनीवर ठेवला, आणि काकूंनीं विजेची बत्ती धरली.